फरसबंदीचा खर्च जमिनीखाली ठरतो : वाराणसीच्या शिंदे घाटाचा धडा

फाटकापासून वाहनतळापर्यंतची वाट, बंगल्यापुढील अंगण किंवा गृहनिर्माण संस्थेचा अंतर्गत रस्ता पक्का करून घ्यायचा झाला, की पहिला प्रश्न विचारला जातो तो 'चौरस फुटाला दर काय?' हा. तीन-चार ठेकेदारांची दरपत्रके मागविली जातात आणि बहुधा सर्वांत कमी आकडा असलेले दरपत्रक मंजूर होते. काम पूर्ण झाल्यावर काळाभोर, गुळगुळीत पृष्ठभाग पाहून सर्वांचे समाधानही होते. दोन पावसाळे उलटले, की कडा तुटू लागतात, खडी सुटते, चाकांखालचा भाग दबतो आणि तोच खर्च पुन्हा करण्याची वेळ येते. या सर्व व्यवहारात एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो. सांगितलेल्या दरात जमिनीखालचे काम किती धरले आहे?

पृष्ठभागाला पैसा आणि पायाला काटकसर, या सवयीची किंमत किती मोठी असू शकते याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राबाहेर, परंतु मराठी माणसांच्याच हातून उभ्या राहिलेल्या बांधकामात पाहावयास मिळते. वाराणसीत मणिकर्णिका घाटाला लागून उत्तरेस असलेला शिंदे घाट हे ते उदाहरण होय. स्थानिक लोक त्याला सिंधिया घाट म्हणतात. तेथे डांबर नाही आणि मोटारही पोहोचत नाही. मात्र फरसबंदीचा खर्च ज्या घटकांवर अवलंबून असतो, ते जवळजवळ सर्व घटक या एकाच जागी एकत्र आलेले आहेत.

खचलेला घाट

शिंदे घाटाचे मूळ बांधकाम बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास करविले. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या बायजाबाई या ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे यांच्या पत्नी. दौलतरावांच्या मृत्यूनंतर १८२७ पासून १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार त्यांच्या हाती होता. काशीतील ज्ञानवापी विहिरीभोवतीचा स्तंभमंडपही त्यांनीच १८२८ मध्ये बांधविला. त्यापूर्वी १७८० मध्ये अहिल्याबाई होळकरांनी काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले होते. नागपूरच्या भोसल्यांचा घाटही याच नदीकाठी आहे. मराठी राजघराण्यांनी काशीत ओतलेला पैसा तेथील दगडी पायऱ्यांत आजही दिसतो.

शिंदे घाटाच्या बांधकामात दगडाची किंवा पैशाची उणीव नव्हती, तरीही तो टिकला नाही. प्रचंड वजनाचे हे बांधकाम खालच्या मातीला पेलवले नाही आणि ते नदीकडे खचले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. १८६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काशीवरील आपल्या ग्रंथात एम. ए. शेरिंग या मिशनरी लेखकाने हा घाट काही फूट खचल्याची आणि अजूनही हळूहळू खचत असल्याची नोंद केली आहे. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घाटाची पुन्हा बांधणी झाली. पायऱ्यांच्या तळाशी असलेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर मात्र आजही एका बाजूला सुमारे नऊ अंशांनी कललेले आहे. वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. मंदिर का कलले याविषयी शापाच्या आणि अहंकाराच्या लोककथा सांगितल्या जातात, परंतु स्थापत्याच्या दृष्टीने पाहिल्यास पायाखालची जमीन एकसारखी दबली नाही, की वरचे बांधकाम कलते, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

घाटाला जे घडले ते लहान प्रमाणात प्रत्येक अंगणात घडू शकते. म्हणूनच खर्चाचा विचार वरून खाली न करता खालून वर करणे अधिक योग्य ठरते.

पहिला घटक : जमीन

डांबरी थर हा स्वतः भार पेलणारा भाग नसून भार खाली पसरविणारा भाग आहे. चाकाखालचा दाब डांबराच्या थरातून खडीच्या थरात, तेथून मुरमात आणि शेवटी मूळ मातीत जातो. माती जितकी कमजोर, तितकी मधल्या थरांची जाडी वाढवावी लागते. मातीची ही क्षमता मोजण्यासाठी रस्तेबांधणीत 'सीबीआर' नावाची चाचणी वापरली जाते. महाराष्ट्रातील काळ्या कापूसमातीचे हे मूल्य ती पाण्याने भिजल्यावर अनेकदा दोन-तीन टक्क्यांवर येते. पावसाळ्यात ही माती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. विदर्भ, मराठवाडा किंवा सोलापूर भागात अशा मातीवर थेट खडी आणि डांबर टाकले, तर पृष्ठभाग कितीही चांगला असला तरी तो फाटतो. याउलट कोकणात जांभ्याचा कठीण थर वरच लागत असेल, तर खोदाई महाग पडते, पण भरावाचा खर्च वाचतो. लातूर आणि रत्नागिरी येथील एकाच मापाच्या अंगणाला एकच दर लावणे म्हणूनच चुकीचे आहे.

वाराणसीत गंगेचा पश्चिम काठ उंच आहे. चिकणमाती आणि कंकर यांच्या थरांनी तो बनलेला आहे. कोरडा असताना तो भक्कम वाटतो, भिजल्यावर मात्र त्याची ताकद कमी होते. शिंदे घाटाचा भार अशा काठावर आला होता.

दुसरा घटक : पाणी

रस्त्याचा खरा शत्रू पाणी आहे, हे वाक्य अभियंत्यांच्या बोलण्यात नेहमी येते आणि गंगेच्या काठावर त्याची प्रचीती दरवर्षी येते. वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर निश्चित करण्यात आली आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. ऑगस्ट २०२५ मध्येही नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या. उन्हाळ्यातील आणि महापुरातील पातळीत दहा मीटरहून अधिक अंतर पडते.

पूर चढताना जेवढे नुकसान करतो, त्याहून अधिक धोका तो उतरताना असतो. नदीचे पाणी झपाट्याने खाली जाते, परंतु काठाच्या मातीत मुरलेले पाणी तितक्या लवकर बाहेर पडत नाही. हे अडकलेले पाणी पायऱ्यांना आतून बाहेर ढकलू लागते. पाण्याला बाहेर पडण्याची वाट ठेवलेली नसेल, तर दगड कितीही जाड असला तरी सांधे उघडतात. शिवाय प्रत्येक पुरानंतर पायऱ्यांवर गाळाचा थर साचतो आणि पाण्याचे फवारे मारून तो दरवर्षी काढावा लागतो. बांधकामाच्या अंदाजपत्रकात न दिसणारा हा खर्च कायमचा असतो.

घराच्या अंगणात नदी नसली, तरी छपरावरून कोसळणारे पाणी, शेजारच्या उंच भूखंडावरून येणारा लोंढा आणि तुंबलेले गटार यांचे काम तेच असते. डांबर आणि खडी यांच्यातील पकड पाण्याने सुटते. त्यामुळे दर मीटरला दीड-दोन सेंटीमीटरचा उतार, कडेला पाणी वाहून नेणारी पन्हळ आणि गरज असल्यास जमिनीखालून नळी या गोष्टींचा खर्च चैनीचा मानता येणार नाही. प्रत्यक्षात मात्र दरपत्रकातून प्रथम वगळल्या जातात त्या याच बाबी.

तिसरा घटक : माप आणि जाडी

एक साधे उदाहरण घेतल्यास हिशेब स्पष्ट होतो. तीन मीटर रुंद आणि बारा मीटर लांब अशा वाटेचे क्षेत्रफळ ३६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३९० चौरस फूट होते. तिच्यावर दबाईनंतर पाच सेंटीमीटर जाडीचा डांबरी थर राहायचा असेल, तर १.८ घनमीटर, म्हणजे साधारण सव्वाचार टन गरम मिश्रण लागते. त्यात वजनाने सुमारे पाच टक्के डांबर धरल्यास डांबराचे वजन जेमतेम २१० किलो भरते. त्याच वाटेखाली पंधरा सेंटीमीटर खडीचा थर द्यायचा, तर सुमारे साडेअकरा टन माल लागतो. माती कमजोर असल्याने ती जाडी तीस सेंटीमीटर करावी लागली, तर हा आकडा तेवीस टनांवर जातो. त्याशिवाय तेवढी मूळ माती खोदून बाहेर न्यावी लागते.

डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या थरापेक्षा न दिसणारा माल वजनाने तीन ते पाच पट अधिक असतो, असा याचा अर्थ आहे. खडीचा दर डांबरी मिश्रणापेक्षा बराच कमी असला, तरी खोदाई, वाहतूक, पसराई, पाणी मारणे आणि थराथराने दबाई मिळून हा भाग खर्चात मोठा वाटा घेतो. दर कमी करून देण्याची वेळ आली, की नेमका हाच भाग कापला जातो, कारण काम संपल्यावर तो कोणालाही दिसत नाही. डांबरी थराची जाडी पाचऐवजी चार सेंटीमीटर केली, तरी वरील वाटेत सुमारे ८५० किलो मिश्रण वाचते. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही.

लहान कामाचा प्रश्न वेगळाच आहे. प्रकल्पातून मिश्रण सुमारे १५० ते १६५ अंश सेल्सियस तापमानाला निघते आणि ते शंभर अंशांच्या आसपास उतरण्यापूर्वी त्यावर रोलर फिरून दबाई व्हावी लागते. थर जितका पातळ, तितका तो लवकर थंड होतो. सव्वाचार टनांच्या कामासाठीही डंपर, रोलर आणि मजुरांची टोळी आणावीच लागते. त्यामुळे एकट्या बंगल्याला चौरस फुटाचा दर जास्त पडतो, तर शेजारच्या पाच-सहा घरांनी किंवा संपूर्ण संस्थेने एकाच दिवशी काम करून घेतले, तर तोच दर खाली येतो.

चौथा घटक : डांबराचा बाजार

डांबर हा खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारा पदार्थ आहे. देशातील शुद्धीकरण कारखान्यांचे उत्पादन मागणीला पुरत नसल्याने त्याचा मोठा भाग आयात होतो. साहजिकच जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत पोहोचले असताना, २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात ते कोसळले असताना आणि २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर ते पुन्हा उसळले असताना या हेलकाव्यांचा परिणाम रस्त्यांच्या कामांवर झाला. रुपयाचा विनिमय दर आणि रस्तेबांधणीच्या हंगामातील मागणी हेही यात भर घालतात. दिवाळीनंतर कामांना वेग येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये सरकारी कामांची घाई असते. लहान ग्राहकाला या काळात ठेकेदार मिळणेही कठीण होते.

तथापि या बाजाराचा धाक वाजवीपेक्षा जास्त घेतला जातो. वर दिलेल्या उदाहरणात डांबर किलोमागे दहा रुपयांनी महागले, तर संपूर्ण वाटेचा खर्च २,१०० रुपयांनी, म्हणजे चौरस फुटामागे साधारण साडेपाच रुपयांनी वाढेल. पाया नीट न केल्याने संपूर्ण थर उखडून पुन्हा करावा लागला, तर होणारे नुकसान याच्या अनेक पट असेल.

करांचाही विचार आवश्यक आहे. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला, तर डांबरावर १८ टक्के कर आहेच. काँक्रीट आणि डांबर यांच्या खर्चातील तफावत त्यामुळे काहीशी कमी झाली आहे.

पाचवा घटक : माल पोहोचण्याची वाट

शिंदे घाटापर्यंत मालमोटार जाऊ शकत नाही. एका बाजूला दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशा गल्ल्या आणि दुसऱ्या बाजूला नदी, अशी त्याची स्थिती आहे. काशीच्या घाटांना लागलेला वालुकाश्म मुख्यतः मिर्झापूर जिल्ह्यातील चुनारचा. चुनार गंगेच्या काठी, वाराणसीच्या वरच्या अंगाला आहे. त्यामुळे दगड होडीतून प्रवाहाबरोबर खाली आणता येत असे. जड मालाला जलमार्ग हा स्वस्त मार्ग होता आणि घाटांच्या बांधकामात त्याचा वाटा मोठा आहे. मणिकर्णिकेवरील चितांची लाकडे आजही होड्यांतून येतात. गल्लीत आतवर काम करायचे असेल, तर माल डोक्यावरून किंवा हातगाडीने न्यावा लागतो आणि मजुरी मालाच्या किमतीशी स्पर्धा करू लागते.

पुण्यातील पेठा, नाशिकचे पंचवटी किंवा कोल्हापूरच्या जुन्या वस्त्या येथे हाच अनुभव येतो. रोलर आत जात नसेल, तर हाताने चालविण्याचे दबाईयंत्र वापरावे लागते. गरम मिश्रण वेळेत पोहोचत नसेल, तर डांबराचा आग्रह सोडून पेव्हर ब्लॉक किंवा दगडी फरशी निवडणेच शहाणपणाचे ठरते.

निवड कशाची?

चारही पर्यायांचे गुणदोष उघड आहेत. डांबर प्रारंभी स्वस्त पडते आणि एक-दोन दिवसांत वापरात येते. मात्र कडक उन्हात ते मऊ होते, गाडीतून गळणाऱ्या तेलाने ते खराब होते आणि काही वर्षांनी त्याला नवा थर द्यावा लागतो. काँक्रीट अधिक काळ टिकते, पण त्याला पुरेसे पाणी देऊन मुरू द्यावे लागते आणि एकदा फुटले की दुरुस्ती अवघड जाते. पेव्हर ब्लॉकना हलक्या वाहनांसाठी साधारण ६० आणि जड वाहनांसाठी ८० मिलीमीटर जाडी लागते. कडा घट्ट बांधल्या नाहीत, तर ते सरकतात. दगड सर्वांत महाग, परंतु तो उचलून पुन्हा बसविता येतो.

काशीच्या गल्ल्यांत या शेवटच्या गुणाचे महत्त्व विशेष आहे. तेथे फरशीखालून सांडपाण्याच्या वाहिन्या, नळ आणि तारा जातात. दगडाची फरशी काढून दुरुस्ती केल्यावर तोच दगड पुन्हा जागेवर बसतो. डांबरी रस्ता कापल्यावर मात्र ठिगळच उरते आणि पाणी त्या ठिगळाच्या कडेनेच आत शिरते. वाहिन्यांची दुरुस्ती आधी आणि फरसबंदी नंतर हा क्रम पाळला नाही, तर दोन्हींचा खर्च दुप्पट होतो. जुन्या थरावर नवा थर चढवीत राहण्याची पद्धतही अशीच महाग पडते. रस्ता उंच होतो, घरे सखल राहतात आणि पावसाचे पाणी उंबरठा ओलांडते.

चुकांची किंमत कोणी द्यायची?

काशीत गेल्या काही वर्षांत फरसबंदीवर पुन्हा मोठा खर्च होत आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झालेल्या काशी विश्वनाथ धामात चुनारच्या दगडाचा वापर झाला. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांच्या पुनर्विकासाची पायाभरणी ७ जुलै २०२३ रोजी करण्यात आली. या कामांचे मूल्यमापन दगडाच्या झळाळीवरून करणे पुरेसे ठरणार नाही. काही महापूर येऊन गेल्यावर पायऱ्यांची पातळी आणि सांधे कसे राहतात, यावरून ते करावे लागेल.

महाराष्ट्रात हा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. निकृष्ट कामाची किंमत आजवर वाटसरू आणि दुचाकीस्वार मोजत आले. ती काम करून घेणाऱ्या यंत्रणांच्या हिशेबात यावी, हा या आदेशाचा मुख्य अर्थ आहे.

खासगी अंगणाला असे संरक्षण नाही. तेथे करारनामा हाच आधार असतो. गृहनिर्माण संस्थांचा दुरुस्ती निधी सभासदांच्या मासिक वर्गणीतून उभा राहतो आणि त्यात निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांचाही वाटा असतो. एकदा वाया गेलेला निधी पुन्हा जमण्यास काही वर्षे लागतात. म्हणून दरपत्रक एकाच आकड्यात न घेता बाबवार घेणे हिताचे आहे. खोदाई किती खोल, मुरूम आणि खडीचे थर किती जाडीचे, दबाईनंतर डांबराची जाडी किती, उतार कोणत्या दिशेला, कडा कशाने बांधणार, निघालेला राडारोडा कोण नेणार आणि काम बिघडल्यास किती काळ ठेकेदार ते विनामूल्य दुरुस्त करणार, या गोष्टी लेखी असाव्यात. डांबर पडण्यापूर्वी खालचे थर मोजून घेण्याचा दिवसही ठरलेला असावा, कारण त्यानंतर मोजण्याची संधी मिळत नाही.

असे बाबवार दरपत्रक पाहिले, की स्वस्त आणि महाग यांतील फरक बहुतेक वेळा काळ्या थरात सापडत नाही. तो खोदाईच्या खोलीत, खडीच्या जाडीत आणि पाण्याच्या वाटेत सापडतो. एका संपन्न संस्थानाने उभारलेला शिंदे घाटही दोनदा बांधावा लागला. सामान्य कुटुंबाला आपले अंगण दोनदा बांधणे परवडणारे नाही.